पाच रिमोट, एक सासूबाई

घरात नवी वस्तू आली की ती नेमकी कुणाच्या सोयीची, हे पहिल्या आठवड्यात कळत नाही. मिक्सर आला तेव्हा ‘सुनेचे हात वाचले’ असं सगळे म्हणाले, आणि सणासुदीला होणाऱ्या चटण्या रोज पानात हव्या झाल्या. धुण्याचं यंत्र आलं तसे घरातल्यांचे कपडे एका दिवसात मळायला लागले. म्हणून गेल्या वर्षी आमच्या दिवाणखान्यात ‘होम थिएटर’ आलं तेव्हा मी काही बोलले नाही. ते आईंसाठी आहे, असं बिल भरताना ह्यांनी दोनदा सांगितलं. दोनदा सांगितलं तेव्हाच मी ओळखलं, की ते थोडं ह्यांच्यासाठी आणि बरंचसं पुण्याहून दर महिन्याला येणाऱ्या आमच्या चिरंजीवांसाठी आहे.

तरी न्यायानं बोलायचं तर कारण खोटं नव्हतं. सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. ऐकू कमी येतं, पण तसं त्या कधी म्हणत नाहीत. ‘हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात’ असं म्हणतात. आम्ही सांगलीकर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ इथंच केलं, त्यामुळे नाटकाचं वेड हा गावाचा वारसा. सासूबाईंनी रात्र रात्र जागून संगीत नाटकं पाहिलेली. आता त्यांचं पाहणं टीव्हीवरच. दुपारी जुन्या नाटकांची चित्रणं, संध्याकाळी दोन मालिका. पण नवे टीव्ही इतके पातळ झालेत, की आवाजाचे कर्णे खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो आणि येता येता शब्द विरतात. होम थिएटरमध्ये मधला एक कर्णा मुख्यतः संवादांसाठी असतो, आणि त्याचा आवाज बाकीच्यांहून वेगळा वाढवता येतो. पहिल्याच दिवशी एक जुनं नाटक लावलं, तर पाच मिनिटांनी सासूबाई म्हणाल्या, “बघ, हे कसे स्वच्छ बोलतात!” त्या दिवशी मला त्या यंत्राबद्दल माया वाटली.

ती टिकली चार दिवस. कारण यंत्र एक नव्हतंच. टीव्ही वेगळा, ॲम्प्लिफायर वेगळा, सेट टॉप बॉक्स वेगळा, डिस्क प्लेअर वेगळा, आणि टीव्हीच्या पाठीला लटकलेली ती इंटरनेटची स्टिक वेगळी. पाचांचे पाच रिमोट, सगळे काळे, सगळे लांबट. मालिका लावायची तर आधी टीव्ही सुरू करायचा, मग ॲम्प्लिफायर, मग बॉक्स. मग ॲम्प्लिफायरला सांगायचं की बॉक्सचा आवाज घे. आवाज वाढवायचा तर टीव्हीच्या रिमोटनं नाही, ॲम्प्लिफायरच्या. चॅनेल बदलायचा तर तिसऱ्याच. चिरंजीवांनी जाताना कागदावर क्रमांक घालून सगळं लिहून दिलं होतं. नऊ पायऱ्या होत्या. सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा मला एवढं पुस्तकात बघावं लागत नाही.

मी शाळेत शिकवते. साडेदहाला जाते, साडेपाचला येते. एका दिवशी शाळा लवकर सुटली आणि मी तीनलाच घरी पोचले. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर तीन रिमोट, समोर निळा पडदा आणि त्यावर ‘नो सिग्नल’. चष्मा हातात काढलेला.

“आई, कधीपासून बसलात अशा?”

“आत्ताच गं.”

आत्ताच नव्हे, हे दिसतच होतं. टेबलावरचं झाकलेलं ताट तसंच होतं. जेवता जेवता नाटक बघायचं त्यांच्या मनात असणार. मी म्हटलं, शेजारच्या मुलाला हाक मारायची, तो लावून देतो. तर एकदम म्हणाल्या, “टीव्ही लावायला माणूस बोलवू? मग उद्या घास भरवायलाही बोलवा म्हणाल.”

त्यानंतर त्यांनी दुपारचं टीव्ही पाहणंच सोडलं. आल्यागेल्याला सांगायच्या, “आता आवड राहिली नाही.” ह्यांना ते खरं वाटलं. मला वाटलं नाही. आवड गेलेलं माणूस संध्याकाळी आम्ही टीव्ही लावला की स्वयंपाकघरातून लगबगीनं येऊन बसत नाही. घरात दिवसभर एकटं असणाऱ्या माणसाला आपल्या हातानं चार गोष्टी करता येतात, त्यावर त्याचा दिवस उभा असतो. चहा करून घेता येतो, दार उघडता येतं, फोन लावता येतो, टीव्ही लावता येतो. त्यातली एक काढून घेतली की उरलेल्या तिघींवरचा विश्वासही डळमळतो. सासूबाई त्या महिन्यात गॅस पेटवताना दोनदा मला हाक मारायला लागल्या होत्या. पूर्वी कधी नव्हत्या.

तेव्हा मी ठरवलं, की पाचांचं काम करणारा एक रिमोट घरात आणायचा आणि तो मी निवडायचा.

मी असं म्हटल्याबरोबर घरात दोन तज्ज्ञ निर्माण झाले. ह्यांचं म्हणणं, वेगळा रिमोट हवा कशाला? ह्यांच्या फोनलाच वरच्या टोकाला तो लाल किरणांचा दिवा आहे. काही कंपन्यांच्या फोनना असतो, आणि ॲप उघडलं की फोनच रिमोट होतो. ह्यांनी करूनही दाखवलं. मी एवढंच विचारलं, “अहो, फोन तुमच्या खिशात आणि तुम्ही ऑफिसात. मग आईंनी काय करायचं?” त्यावर विषय संपला.

चिरंजीवांचं म्हणणं लांबलचक होतं. त्याला पडद्याचा रिमोट हवा होता, बोटानं चित्रावर टिचकी मारायची तसला. पूर्वी लॉजिटेक कंपनीचे ‘हार्मनी’ नावाचे रिमोट यायचे, ते या बाबतीत सगळ्यांत नावाजलेले. ‘सिनेमा पाहा’ असं एक बटण दाबलं की सगळी यंत्रं आपापल्या जागी सुरू व्हायची. कुठलं यंत्र सुरू आहे नि कुठलं बंद, हे तो रिमोट ध्यानात ठेवायचा. आणि काही चुकलं तर मदतीचं बटण दाबल्यावर ‘टीव्ही सुरू झाला का?’ असं आपल्यालाच विचारायचा. ऐकून मला बरं वाटलं, समंजस सुनेसारखा रिमोट! पण २०२१ साली कंपनीनं ते बनवणं थांबवलं. आता तशा पद्धतीचे दुसऱ्या कंपन्यांचे मिळतात, किंमत काही हजारांत. सोबत एक छोटी डबी येते, ती घरच्या वायफायला जोडायची, आणि मांडणी फोनवरून करायची.

“पण ती मांडणी बिघडली तर?” मी विचारलं.

“आई, मी पुण्याहून फोनवर सांगेन ना.”

म्हणजे परत माणूस बोलवायचा, तोही पुण्याहून. शिवाय पडद्याच्या रिमोटला बोटाला लागेल असं काहीच नसतं. आपण अंधारात स्वयंपाकघराचा दिवा लावतो तो डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. सासूबाईंची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, हात किंचित थरथरतो. त्यांना उंच, एकमेकांपासून लांब, दाबली की दाबलेली कळतील अशी बटणं हवीत. चिरंजीव जरा रुसले. रुसू देत.

(या रिमोटच्या वेडाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत झेनिथ कंपनीनं १९५० साली पहिला रिमोट काढला, तो चक्क वायरनं टीव्हीला बांधलेला. नाव ठेवलं ‘लेझी बोन्स’, म्हणजे आळशी! १९५५ साली बिनवायरीचा आला, तो प्रकाशाच्या झोतावर चालायचा, आणि खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनेल बदलायचा. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी ध्वनीवर चालणारा केला. आत छोट्या दांड्या, त्यावर हातोडी पडायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा. सेलसुद्धा लागायचे नाहीत. आपल्याकडे एवढी चैन नव्हती. १९८५ साली माझ्या माहेरी टीव्ही आला तेव्हा घरातली सर्वांत धाकटी मी, म्हणजे रिमोट मीच. ‘ऊठ गं, आवाज कमी कर’, ‘गच्चीवर जा नि अँटेना फिरव’. तोंडी हुकमावर चालणारा रिमोट म्हणतात तो हाच.)

आता आपल्या कामाचं. हल्लीचे बहुतेक रिमोट अवरक्त किरणांवर चालतात. बटण दाबलं की टोकाचा दिवा सेकंदाला साधारण अडतीस हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याच्या तुटक-तुटक तालात हुकूम लपलेला असतो. तो प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसतो. रिमोट चालत नसेल तर टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. जांभळट पांढरा ठिपका चमकला तर रिमोट ठीक आहे, दोष पलीकडे आहे. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा, काही फोनांच्या मागच्या कॅमेऱ्याला हे किरण गाळणारी काच असते. या एका युक्तीनं आमच्या शाळेतल्या दोन मैत्रिणींचे नव्या रिमोटचे पैसे वाचले आहेत.

सगळे रिमोट मात्र असे नसतात. इंटरनेटच्या स्टिकचा रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतो. म्हणून तो उशीखालूनही चालतो, आणि म्हणूनच साध्या युनिव्हर्सल रिमोटला त्या स्टिकशी बोलता येत नाही. दुकानात ‘सगळ्याला चालतो’ असं सांगतात तेव्हा हे विचारायचं राहून जातं. आमच्या घरी स्टिक फक्त चिरंजीव वापरतात, तेव्हा तो प्रश्न मी यादीतून खोडला. आपल्या घरी कोण काय बघतं, हे आधी ठरवलं तर निम्मी खरेदी सोपी होते.

गावातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरवर रिमोटचा हा ढीग! दुकानदार भला माणूस, त्यानं तासभर दिला. त्याच्या बोलण्यातून कळलं ते असं, की स्वस्तातले जे असतात त्यांच्यात निरनिराळ्या कंपन्यांचे हुकूम आधीच भरलेले असतात. पुस्तिकेत बघून आपल्या टीव्हीचा आकडा घालायचा. आकडा जुळला तर उत्तम, पण कधी आवाज चालतो नि मेनू चालत नाही, असं अर्धवट जुळतं. दुसरा प्रकार ‘शिकणारा’. त्याच्यासमोर जुना रिमोट तोंडाला तोंड लावून धरायचा, इकडचं बटण दाबायचं, तिकडचं दाबायचं. नवा जुन्याचा हुकूम पाठ करतो. कंपनी कुठलीही असो. वारल्यासारखे पडलेले जुने रिमोट म्हणूनच फेकू नयेत. मूळ गुरूच नसेल तर शिकवणार कोण?

त्यातही एक गोम आहे. बऱ्याच रिमोटना वर ‘टीव्ही’, ‘डीव्हीडी’, ‘सेट टॉप’ अशी बटणं असतात. आधी ते दाबायचं, मग खालची बटणं त्या यंत्राची होतात. दिसायला ही सोय, पण आमच्या घरी हाच खरा शत्रू. सासूबाई टीव्हीच्या खात्यात राहून बॉक्सचा चॅनेल बदलायला गेल्या की पुन्हा निळा पडदा! मला हवा होता असा, की ज्याच्या प्रत्येक बटणाला वेगळ्या गुरूकडून शिकवता येईल. आवाज टीव्हीचा, चॅनेल बॉक्सचे, बाण डिस्क प्लेअरचे, आणि खातं बदलण्याची भानगडच नाही.

“एका बटणात सगळं सुरू होईल असा नाही का?” मी विचारलं. आहे म्हणाला, पण एक सांगून ठेवलं. बहुतेक टीव्हींचं सुरू नि बंद एकाच बटणावर असतं. टीव्ही आधीच सुरू असताना ते ‘सगळं सुरू’ बटण दाबलं, तर बाकीचं सुरू होईल आणि टीव्ही बंद पडेल. नवरा-बायकोनं एकाच वेळी एकमेकांना दार उघडायला जावं नि कडी पुन्हा लागावी, तशी गत.

त्यावर उपाय दुकानात नव्हता, घरातच होता, आणि फुकट होता. यंत्रं एचडीएमआयच्या केबलनं जोडलेली असतील तर त्यांना त्याच केबलमधून एकमेकांशी बोलता येतं. तंत्रज्ञ त्याला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मात्र ते दुसऱ्याच नावानं दडलेलं असतं: सॅमसंगमध्ये एनिनेट प्लस, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, एलजीमध्ये सिंपलिंक. चिरंजीवांना फोन करून टीव्हीत आणि ॲम्प्लिफायरमध्ये दोन्हीकडे ते सुरू केलं. आता टीव्ही लावला की ॲम्प्लिफायर आपणहून जागा होतो, टीव्ही बंद केला की झोपतो, आणि टीव्हीच्या आवाजाच्या बटणानं ॲम्प्लिफायरचा आवाज हलतो. आमच्या बॉक्सला तेवढी ती भाषा येत नव्हती. तो दिवसभर चालूच ठेवायचा नि रात्री मेन स्विच बंद करायचा, असा तह केला. बॉक्स नि डिस्क प्लेअर दोन्ही ॲम्प्लिफायरला जोडलेले आहेत, त्यामुळे टीव्हीला इनपुट बदलावं लागतच नाही. ॲम्प्लिफायरच्या रिमोटवर प्रत्येकासाठी थेट बटण असतं, तेवढं शिकवलं की झालं. हे सुरू करून बघितल्याशिवाय कुणी पैसे खर्च करू नयेत. कित्येक घरी एवढ्यावरच भागेल.

शिकणारा रिमोट साडेसहाशे रुपयांना मिळाला. घेण्याआधी दुकानातच मी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. पोरगा हसला, पण मला आवाजाचं बटण न बघता सापडलं. आणखी दोन गोष्टी विचारून घेतल्या. सेल बदलताना शिकवलेलं विसरतो का? काही जुने विसरतात. आणि सेल कुठले? नाण्यासारखे चपटे सेल असलेले रिमोट मी घरात येऊ देत नाही. नणंदेची नात येते, दीड वर्षाची. तसला सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजतं. पोटात गेल्यावर पडून जाईल म्हणून घरी थांबायचं नसतं, तडक इस्पितळ गाठायचं असतं. आमच्या रिमोटला बारीक पेन्सिल सेल लागतात.

शिकवणी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर झाली. दोन रिमोटमध्ये दोन-तीन बोटं अंतर, जुन्यात ताजे सेल, आणि खिडकीचा पडदा ओढलेला, कारण कडक ऊन मध्ये लुडबुड करतं. बटणं कुठं काय असावीत ते सासूबाईंना विचारलं. आधी म्हणाल्या, “तुम्हीच ठरवा.” मग हळूच खुर्ची पुढे ओढली. त्यांना ‘मालिका’ आणि ‘नाटक’ अशी दोन बटणं हवी होती. पहिल्यावर सेट टॉप, दुसऱ्यावर डिस्क प्लेअर. प्लेअरला चिरंजीवांनी नाटकं भरलेला पेन ड्राइव्ह कायमचा लावून दिला, म्हणजे तबकडी घालण्या-काढण्याचं काम नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं बटण त्यांच्या मते आवाज बंद करण्याचं. “माझा फोन आला की हे सगळे गप्प झाले पाहिजेत.”

एकंदर सोळा बटणं शिकवली. बाकीच्यांवर काळी इन्शुलेशन टेप लावली. चालू-बंदच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका, ‘नाटक’वर सोनेरी, ‘मालिका’वर गुलाबी. नेलपॉलिश थेंबभरच घ्यावं, बटणाच्या कडेच्या फटीत उतरलं तर बटण चिकटतं. “या घरात नेलपॉलिश येणार नाही, असं मी तुझ्या लग्नात म्हटलं होतं,” सासूबाई म्हणाल्या, आणि सोनेरी ठिपका जरा मोठा करायला लावला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घरी फोन केला. बराच वेळ वाजला. मग उचलून म्हणाल्या, “काय गं? दुसरा अंक चालू आहे.” पाठीमागे काहीच ऐकू येत नव्हतं. गप्प करायचं बटण चाललं होतं.

जुने पाचही रिमोट, सेल काढून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेत. सेल आत राहिले तर पाझरतात आणि स्प्रिंगा खातात. मागच्या रविवारी ह्यांना क्रिकेटचा सामना बघायचा होता. आईंकडे रिमोट मागितला, तर त्यांनी तो मांडीवरच्या शालीखाली सरकवला आणि म्हणाल्या, “अंक संपू दे.” हे थोडा वेळ थांबले, मग गुपचूप उठून त्या डब्याकडे गेले. सेल मी दुसऱ्या डब्यात ठेवते.